रुमाल आणि तसबीर : नाटककार गोविंद बल्लाळ देवल

सांगली शहराजवळ कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम आहे. त्या संगमाच्या काठी हरिपूर हे गाव वसले आहे. मराठी रंगभूमीचे एक थोर शिल्पकार गोविंद बल्लाळ देवल यांचे बालपण या गावात गेले. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. त्यापूर्वी बाराच वर्षे, म्हणजे १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. देवल ज्या परिसरात वाढले, तो परिसरच मराठी नाटकाचे माहेर होता.

देवलांनी एकूण सात नाटके लिहिली. कथानकाच्या दृष्टीने त्यांपैकी ‘शारदा’ हे एकच नाटक सर्वस्वी स्वतंत्र आहे. उरलेली सहा संस्कृत किंवा इंग्रजी साहित्यकृतींवर आधारलेली आहेत. तरीही देवलांना कोणी केवळ भाषांतरकार म्हणत नाही. परक्या भाषेतील नाटक त्यांनी कसे वाचले, कसे समजून घेतले आणि मराठी माणसाच्या घरात कसे आणून बसवले, याची कथा त्यांच्या जीवनकथेशी एकरूप झालेली आहे. शेक्सपिअरची एक प्रसिद्ध प्रेमशोकांतिका या कथेच्या मध्यभागी आहे.

दोन प्रवाहांचा काळ

देवलांच्या तरुणपणी मराठी नाटक दोन दिशांनी समृद्ध होत होते. एकीकडे कालिदास, शूद्रक, भवभूती यांची संस्कृत नाटके मराठीत येत होती. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाल्यानंतर इंग्रजी साहित्याचा अभ्यास वाढला आणि सुशिक्षित तरुणांना शेक्सपिअरची ओळख झाली. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध केले. पुढे १८८३ साली गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले.

या दोन परंपरांत एक मोठा भेद होता. संस्कृत नाटकात नायक-नायिकांवर कितीही संकटे आली तरी शेवट बहुधा मंगल होतो. रंगमंचावर मृत्यू दाखवणे आपल्या नाट्यशास्त्राला मान्य नव्हते. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत मात्र चांगली माणसे स्वतःच्याच एखाद्या दोषामुळे विनाशाकडे जातात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मरतात. अशा नाटकाची मराठी प्रेक्षकांना फारशी सवय नव्हती. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ सालच्या नाटकाने शोकपूर्ण शेवटाची वाट दाखवली होती. परंतु ती वाट अजून नवीच होती.

शालेय शिक्षणासाठी देवल बेळगावला गेले. तेथे त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांसारखे गुरू लाभले. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचे युग सुरू केले. देवलांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पण त्यांचे मन नाटकातच रमले होते. किर्लोस्करांच्या सहवासात त्यांना संस्कृत नाट्यपरंपरेचा आणि संगीताचा संस्कार मिळाला. पुण्याच्या ‘आर्योद्धारक नाटक मंडळी’शी त्यांचा संबंध आला, तेव्हा शेक्सपिअरच्या गद्य नाट्यप्रयोगांचा जवळून परिचय झाला. हरिपूरच्या संगमाप्रमाणे त्यांच्या मनातही हे दोन प्रवाह एकत्र आले.

भाषांतर आणि रूपांतर

१८८५ साली किर्लोस्करांचे निधन झाले. पुढील पाच वर्षांत देवलांची चार नाटके आली : ‘दुर्गा’ (१८८६), ‘मृच्छकटिक’ (१८८७), ‘विक्रमोर्वशीय’ (१८८९) आणि ‘झुंजारराव’ (१८९०). यांपैकी ‘दुर्गा’ आणि ‘झुंजारराव’ ही दोन नाटके इंग्रजी शोकांतिकांवर बेतलेली आहेत.

भाषांतर आणि रूपांतर यांतील फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. भाषांतरात मूळ कृतीतील माणसे, स्थळे आणि रीतिरिवाज तसेच ठेवून केवळ भाषा बदलली जाते. रूपांतरात कथेचा गाभा ठेवून तिचे सारे जग बदलले जाते. कोल्हटकरांचा ऑथेल्लो मराठी बोलत होता, पण तो परदेशीच होता. देवलांनी त्याला ‘झुंजारराव’ केले. त्याची पत्नी डेस्डिमोना ही ‘कमळजा’ झाली आणि कपटी इयागो हा ‘जाधवराव’ झाला. नावे बदलणे सोपे असते. परंतु आपल्या समाजातील पती संशय घेताना कसा बोलेल, निरपराध पत्नी त्याला कोणत्या शब्दांत उत्तर देईल आणि कारस्थानी माणूस मित्रत्वाचा आव कसा आणील, हे सारे नव्याने घडवावे लागते. त्यासाठी मूळ नाटकाची रचना बारकाईने उलगडून पाहावी लागते. रूपांतर हा देवलांचा शेक्सपिअरचा अभ्यासच होता.

शोकांतिकेची घडण

‘ऑथेल्लो’ची कथा थोडक्यात अशी आहे. व्हेनिसचा पराक्रमी सेनापती ऑथेल्लो आणि तेथील एका प्रतिष्ठिताची कन्या डेस्डिमोना यांनी वडिलांच्या संमतीवाचून विवाह केला आहे. ऑथेल्लोने बढती दुसऱ्याला दिली म्हणून त्याच्या हाताखालचा इयागो मनात डूख धरतो. डेस्डिमोनाचे कॅशिओ नावाच्या अधिकाऱ्यावर प्रेम आहे, असा संशय तो ऑथेल्लोच्या मनात पेरतो. त्या संशयाने वेडापिसा झालेला ऑथेल्लो निष्पाप पत्नीचा जीव घेतो. सत्य कळल्यावर तो स्वतःचाही अंत करून घेतो.

ही कथा चार ओळींत सांगता येते. मग ती प्रेक्षकांना अखेरपर्यंत अस्वस्थ का ठेवते? याचे उत्तर नाटककाराने वापरलेल्या साधनांत सापडते.

पहिले साधन ‘स्वगत’ हे होय. इयागो एकटा असताना आपले कपट प्रेक्षकांना उघडपणे सांगतो. त्यामुळे रंगमंचावरच्या एकाही पात्राला जे ठाऊक नाही, ते प्रेक्षकांना ठाऊक असते.

त्यातूनच दुसरे साधन जन्माला येते. ते म्हणजे ‘नाट्यगत उपरोध’. पात्राच्या बोलण्याचा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ एक असतो आणि सत्य जाणणाऱ्या प्रेक्षकाला जाणवणारा अर्थ त्याच्या उलट असतो, तेव्हा नाट्यगत उपरोध निर्माण होतो. ऑथेल्लो इयागोला वारंवार प्रामाणिक म्हणतो. प्रत्येक वेळी तो शब्द ऐकून प्रेक्षकाचे काळीज हलते. धावत जाऊन त्या भाबड्या सेनापतीला सावध करावे असे त्याला वाटते. पण तो जागचा हलू शकत नाही.

तिसरे साधन ‘पूर्वसूचना’ हे आहे. वडिलांना फसवणारी मुलगी उद्या नवऱ्यालाही फसवील, असा इशारा डेस्डिमोनाचे वडील आरंभीच देतात. ऑथेल्लो तेव्हा तो मनावर घेत नाही. पुढे इयागो त्याच इशाऱ्याची आठवण करून देतो. आरंभी सहज पडलेले बी मध्यावर विषारी रोप होऊन वर येते.

चौथे आणि सर्वांत प्रभावी साधन म्हणजे एक लहानसा रुमाल. ऑथेल्लोने पत्नीला दिलेली ती पहिली भेट असते. म्हणून तो रुमाल त्यांच्या प्रेमाचे ‘प्रतीक’ आहे. तो नकळत खाली पडतो, दासीला सापडतो आणि तिच्याकडून इयागोच्या हाती जातो. इयागो तो कॅशिओच्या खोलीत टाकतो. प्रेमाची खूण असलेली वस्तू व्यभिचाराचा पुरावा ठरते. वास्तविक रुमालाला वाचा नसते. तो कोठून कोठे आणि कसा गेला, हे तो सांगू शकत नाही. तरीही ऑथेल्लो वस्तूची मुकी साक्ष खरी मानतो आणि जिवंत पत्नीच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. तो निवाडा आधी करतो आणि विचारतो नंतर. शोकांतिकेचे मूळ नुसत्या इयागोच्या कपटात नाही, तर ऑथेल्लोच्या या उतावळ्या स्वभावातही आहे.

‘झुंजारराव’ रंगभूमीवर आल्यानंतर मराठी प्रेक्षकांनी ते आपले मानले. गणपतराव जोशी यांनी ‘शाहूनगरवासी नाटक मंडळी’त रंगवलेली झुंजाररावाची भूमिका त्यांच्या हॅम्लेटइतकीच नावाजली गेली. शेक्सपिअरचे नावही न ऐकलेला प्रेक्षक कमळजेसाठी हळहळत असे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातही संशयाने असाच घात केल्याचे त्याला आठवत असावे.

दागिन्यांची साक्ष

‘झुंजारराव’च्या तीन वर्षे आधी देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले होते. ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचली, तर एक लक्षणीय साम्य आढळते. ‘मृच्छकटिका’त चारुदत्त हा दरिद्री पण सज्जन ब्राह्मण आणि वसंतसेना ही गणिका यांचे प्रेम आहे. चारुदत्ताचा लहान मुलगा सोन्याच्या गाडीसाठी रडतो, म्हणून वसंतसेना त्याच्या मातीच्या गाडीत आपले दागिने घालते. पुढे दुष्ट शकार वसंतसेनेचा गळा दाबून तिला मेली असे समजून टाकून देतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. खटला चालू असताना ते दागिने चारुदत्ताच्या मित्राजवळून न्यायसभेत खाली पडतात. बालकाच्या समजुतीसाठी दिलेले दागिने खुनाचा पुरावा ठरतात आणि चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेले जाते.

येथेही प्रेम निष्पाप आहे, खोटा आरोप करणारा आहे आणि मुक्या वस्तूची साक्ष आहे. पण वसंतसेना जिवंत असते. शस्त्राचा घाव पडण्यापूर्वी ती धावत येते आणि चारुदत्त वाचतो. ‘ऑथेल्लो’तही सत्य बाहेर येते. इयागोची पत्नीच रुमालाची खरी हकिकत सांगते; परंतु तोवर डेस्डिमोनाचा श्वास थांबलेला असतो. सत्य वेळेवर पोचले तर सुखांतिका आणि उशिरा पोचले तर शोकांतिका, इतकेच या दोन नाटकांच्या शेवटांत अंतर आहे. दोन्ही नाटके स्वतःच्या हाताने मराठीत घडवणाऱ्या देवलांना हे अंतर किती थोडे आहे, याची जाणीव झाली नसती तरच नवल.

जिला कोणी विचारले नाही

पुढे १८९३ साली बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वर आधारलेले ‘शापसंभ्रम’ आले आणि १८९९ साली देवलांनी आपले एकमेव स्वतंत्र नाटक रंगभूमीवर आणले. ‘शारदा’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे केला. देवदेवता आणि राजेराण्या यांच्या कथांमध्ये रमलेल्या संगीत रंगभूमीवर या नाटकाने प्रथमच समकालीन समाजाचा प्रश्न ठसठशीतपणे मांडला.

कांचनभट हा लोभी बाप पैशांच्या आशेने आपली कोवळी मुलगी शारदा भुजंगनाथ या श्रीमंत म्हाताऱ्याला देण्याचे ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोघांनाही झुलवतो. आई तळमळते, पण तिचे काही चालत नाही. ज्या मुलीचे सारे आयुष्य पणाला लागले आहे, तिला कोणी एका शब्दानेही विचारत नाही. निराश झालेली शारदा नदीत जीव देण्यास निघते. कोदंड हा तरुण तिला वाचवतो आणि शेवटी दोघांचा विवाह होतो.

‘शारदा’ ही शोकांतिका नाही. पण शोकांतिकेच्या अगदी काठावरून ती परत फिरते. ‘झुंजारराव’ लिहिताना देवलांनी आत्मसात केलेली साधने येथे घरगुती रूपात दिसतात. भुजंगनाथ स्वतःला तरुण समजून नटतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. परंतु या हास्यामागे एका मुलीचे मरण उभे आहे, हेही त्यांना ठाऊक असते. हाच नाट्यगत उपरोध होय. मैत्रिणींच्या थट्टामस्करीशेजारी शारदेचे दुःख ठेवून देवलांनी विरोधाचा परिणाम साधला आहे. कमळजेचे ऐकून घेतले गेले नाही आणि शारदेला विचारलेच गेले नाही. दोघींवरील अन्याय एकाच जातीचा आहे.

या नाटकाने जरठ-बाला विवाहाविरुद्ध लोकमत जागे करण्यास मोठी मदत केली. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे कायद्याला हे नाव देवलांच्या नाटकावरून मिळाले, असा समज काही वेळा आढळतो. प्रत्यक्षात ते नाव अजमेरचे समाजसुधारक हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे. मात्र महाराष्ट्रात त्या विचाराची जमीन नांगरण्याचे काम देवलांच्या शारदेने तीस वर्षे आधीच केले होते, हे खरे आहे.

तालीममास्तर देवल

देवल नाटक लिहून मोकळे होत नसत. नटांकडून ते बसवून घेणे हेही त्यांचेच काम असे. नाटकाच्या सरावाला ‘तालीम’ म्हणतात. तालीममास्तर म्हणून देवलांचा दरारा मोठा होता. वाक्याचा अर्थ समजल्यावाचून ते पाठ करणे त्यांना रुचत नसे. कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, कोठे थांबायचे आणि समोरचे पात्र बोलत असताना आपल्या चेहऱ्यावर काय दिसले पाहिजे, याकडे ते बारकाईने लक्ष देत. संगीत नाटकातही गाणे हे बोलण्याचाच पुढचा भाग वाटावे, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणूनच त्यांची पदे सोपी, घरगुती आणि पात्रांच्या तोंडी शोभणारी आहेत. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासारख्या नटांना त्यांच्या शिक्षणाचा लाभ झाला. १९१३ साली ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा देवल या नव्या मंडळीच्या पाठीशी उभे राहिले.

रुमालाची तसबीर झाली

आयुष्याच्या अखेरीस देवलांनी आपले एक जुने नाटक पुन्हा हाती घेतले. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे ते गद्य नाटक १८९३ साली लिहिलेले होते. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फी याने इंग्रजीत सुखांतिका रचली होती आणि तिच्यावरून देवलांनी हे नाटक बेतले होते. त्यात पदे घालून त्यांनी ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले.

या नाटकात पुन्हा तोच संशय आहे आणि पुन्हा एक लहानशी वस्तू आहे. रेवतीला अश्विनशेटने आपली तसबीर दिलेली असते. ती रेवतीच्या हातून पडते आणि फाल्गुनरावाची पत्नी कृत्तिका हिला सापडते. कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर पाहून फाल्गुनराव तिच्यावर संशय घेतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ पाहून अश्विनशेट रेवतीवर संशय घेतो. कृत्तिका तर नवऱ्यावर आधीच संशय घेऊन बसलेली असते. सर्वांच्या मनात वादळ उठते. पण येथे कोणाचाही जीव जात नाही. माणसे एकमेकांसमोर उभी राहतात, भांडतात, विचारतात, उत्तरे देतात आणि हळूहळू सारा घोटाळा उलगडतो.

‘झुंजारराव’मधील संशयाने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले होते. ‘संशयकल्लोळ’मधील संशयाने त्यांना पोट धरून हसवले. साधने बहुतेक तीच आहेत. हरवलेली वस्तू आहे, अर्धवट पाहिलेले दृश्य आहे आणि सत्य ठाऊक असलेला प्रेक्षक आहे. फरक एवढाच, की येथे कपटी जाधवराव नाही आणि पात्रांची तोंडे बंद नाहीत. देवलांच्या हाती शोकांतिका आणि सुखांतिका या एकाच नाण्याच्या दोन बाजू झाल्या होत्या.

या नाटकाचा प्रयोग पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. १४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. शेक्सपिअरच्या मृत्यूला त्याच वर्षी तीनशे वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षी पुढे गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. ते नाटक अतिशय लोकप्रिय झाले आणि एकविसाव्या शतकातही त्याचे प्रयोग होत राहिले.

देवलांनी शेक्सपिअरवर टीकाग्रंथ लिहिला नाही किंवा शोकांतिकेची व्याख्याही सांगितली नाही. त्यांनी एक नाटक मन लावून वाचले आणि त्यातून जे उमगले ते पुढे निरनिराळ्या कथांतून मांडले. रुमाल, दागिने, तसबीर या वस्तू आपापल्या जागी निरुपद्रवी असतात. त्यांच्याकडे पाहून निवाडा करणारे मन उतावळे झाले की त्या घातक ठरतात. आजही घराघरांत एखादी वस्तू, एखादे पत्र किंवा कोणाकडून कानी आलेला शब्द माणसांमध्ये भिंत उभी करतो. अशा वेळी वस्तूची साक्ष मानण्यापूर्वी समोरच्या माणसाला विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकावे, हे देवलांची नाटके कधी रडवून, तर कधी हसवून सांगत आली आहेत.